कॅप्टनाचा दोरा

चार हंगाम मी पडद्यामागे बसून इंग्रजी भुतांना मराठी बोलायला लावत होते. या कामाला नाव नव्हतं. तंबूचे मालक अण्णा मला 'सांगणारी' म्हणत. आई 'तिचं ते' म्हणायची. मी स्वतः त्याविषयी कुणाशी बोलत नव्हते, त्यामुळे मला नावाची गरज पडली नाही. आता अण्णांचा तंबू हिंदी चित्रपट लावतो आणि ते समजावून सांगायला कुणी लागत नाही. तेव्हा लिहून टाकायला हरकत नाही असं वाटतं. लिहिताना समोर कुणी नसतं, हेही एक बरं आहे.

आधी हे काम काय होतं ते सांगते. भातं झोडून झाली की मालवण ते कट्टा या पट्ट्यात कुठल्यातरी रिकाम्या कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, अण्णांचा तंबू उभा राही. बाहेर तेलाचं इंजिन धडधडायचं, आत पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मधे कनात. बसायची हातरी ज्याची त्याने आणायची. पुढच्या रांगेत चार खुर्च्या मानकऱ्यांसाठी. मराठी, हिंदी चित्रपट आठवडाभर चालत, पण मधूनच एखादा इंग्रजी चित्रपट कोल्हापूरहून येई. तो स्वस्तात मिळायचा आणि त्यात घोडे असायचे. लोकांना घोडे आवडत. फक्त ते घोड्यावरचे लोक काय बोलतात हे कळत नसे. म्हणून ऑपरेटर पेद्रू मूळ आवाज बारीक करी आणि भोंग्यातून कुणीतरी गोष्ट सांगे. माझ्याआधी हे काम एक निवृत्त मास्तर करत. ते दर रिळाला तात्पर्य सांगत. लोकांनी तक्रार केली.

माझे वडील, बापू, बोटीच्या कंपनीत होते, म्हणून मी मॅट्रिकपर्यंत मुंबईत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मग बापूंची नजर गेली आणि आम्ही गावी आलो. इंग्रजी मला उत्तम येत होतं आणि गावात त्याचा उपयोग शून्य होता. मालवणी समजायची, पण तोंडातून निघायची नाही. खरं म्हणजे कुठलीच भाषा निघायची नाही. बाजारात मी वस्तूकडे बोट दाखवायची. कोळणींनी मी मुकी आहे असं ठरवलं होतं आणि त्यामुळे त्या मला मासे जरा बरे देत.

अण्णा एकदा बापूंकडे इंग्रजी पत्र वाचून घ्यायला आले. बापूंना दिसत नव्हतं, म्हणून मी दाराआडून वाचलं. अण्णा पत्र विसरले आणि दाराकडे बघत राहिले.

"बापू, ह्यो आवाज तुमच्या चेडवाचो?"

"होय."

"माका तेवढो आवाज द्या. चेडू घरात रवांदे."

आईने अटी घातल्या. कुणाला दिसता कामा नये, कुणाला कळता कामा नये, आणि बापू सोबत बसतील. माझ्यासाठी स्थळं बघायची होती आणि भोंग्यातून भुताच्या आरोळ्या मारणारी सून कुणाला हवी असते? म्हणून पडद्याच्या मागे माडाच्या विणलेल्या झापांची एक खोपी बांधली गेली. लोक यायच्या आत मी आणि बापू माडांतून मागच्या बाजूने आत शिरायचो. अण्णांनी सगळ्यांना सांगितलं की ही मुंबईची बाई आहे. ती एवढी देखणी आहे म्हणाले, की समोर आली तर कुणी पडद्याकडे बघणार नाही. हे ऐकल्यावर मला समोर येणं कायमचं अशक्य झालं.

पडद्यामागून चित्र उलटं दिसतं. मी पाहिलेले सगळे नायक डावखुरे होते. प्रेक्षक मला दिसत नसत, फक्त ऐकू येत. खोकल्यावरून कोण आलंय ते मला कळू लागलं. आणि एक गोष्ट लक्षात आली. मासेवालीपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटत होती, पण चारशे माणसांना मी न दिसता घाबरवू शकत होते. दोन ओळींच्या मधे मी लोकांना थांबवून धरायची. तंबूत फक्त इंजिन ऐकू यायचं. मग मी श्वास सोडायची आणि बायकांच्या बाजूने किंकाळी उठायची. असं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही, आणि ते आईला सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या हंगामात रक्त पिणाऱ्या पिशाचाचा चित्रपट आला. एक सरदार दिवसा पेटीत झोपतो आणि रात्री बायांच्या मानेला चावतो. त्याला मारायला एक कॅप्टन फिरतो, ज्याच्याकडे तलवार, लाकडी खुंट्या आणि एक औषधांची बॅग असते. पाटीवर 'फक्त प्रौढांसाठी' असं होतं. त्याचा अर्थ अण्णांनी असा लावला की जो स्वतःच्या पायांनी चालत येऊ शकतो तो.

भाषेची वाटणी मी आधीच करून ठेवली होती. गिरणीवाला, त्याची मुलगी, गावकरी यांना मी जमेल तेवढी मालवणी दिली. सरदाराला शुद्ध मराठी दिली, कारण तो उच्च कुळातला होता. मी खर्जात म्हटलं, "आपण आत यावे. आम्ही आपलीच वाट पाहत होतो."

अंधारातून कुणीतरी ओरडलं, "तलाठी इलो रे!"

तंबू पाच मिनिटं हसत होता. माझ्या ध्यानात आलं नव्हतं की या लोकांशी शुद्ध मराठीत फक्त कचेरीतली माणसं बोलतात. त्यानंतर सरदार कुणाच्या मानेवर वाकला की लोक म्हणत, "सही कर गो बाय, सही कर!"

पिशाचाची भीती बसवणं सोपं नव्हतं. ज्या गावात प्रत्येक बांधाला स्वतःचा देवचार आहे, तिथे परदेशी भुताची किंमत कमी होते. तो आरशात दिसत नाही, असं मी सांगितलं तेव्हा उत्तर आलं, "आरशाचो पारो गेललो आसतलो." तो लसणीला घाबरतो म्हटल्यावर एक म्हातारी म्हणाली की मग इथे तो एक दिवस टिकायचा नाही, आमच्या सुक्या बांगड्याच्या चटणीच्या वासानेच पळेल. आणि आमचो देवचार बरो, वर्षाला एक कोंबडा आणि थोडी दारू एवढ्या राखणीत भागवतो, मानेबिनेला हात लावत नाही, असं सर्वानुमते ठरलं.

कॅप्टन मात्र त्यांना फार आवडला. त्याला नाव पडलं 'गोरो घाडी'. घाडी म्हणजे गावातलं भूतखेत बघणारा, कौल घेणारा, दोरे बांधणारा माणूस. आमच्या गावचा घाडी भिकू. त्याला पुढची खुर्ची होती आणि दर हंगामाला पहिल्या खेळाआधी तोच देवाला गाऱ्हाणं घाली. भिकू घाडी गोऱ्या घाड्याकडे कसबी माणसाच्या नजरेने बघत होता. खुंटी धरायची पद्धत त्याला पसंत नव्हती.

आता माझी चूक.

सातव्या रिळात गिरणीवाल्याची मुलगी पांढरीफटक पडून असते. कॅप्टन बाही वर करतो, तिच्या शेजारच्या खाटेवर आडवा होतो, आणि दोघांच्या हातांमधे रबराची एक नळी असते. तो आपलं रक्त तिला देतो. मग तिच्याकडे वळून म्हणतो की आता माझं रक्त तुझ्या अंगात वाहतं आहे. मी एकोणीस वर्षांची होते. शेजारी बापू बसले होते. कनातीपलीकडे आईच्या ओळखीच्या सगळ्या बायका होत्या. एक परका पुरुष तरुण मुलीशेजारी निजून तिला हे सांगतो, ते मी माझ्या तोंडाने भोंग्यातून म्हणायचं! पडद्यावर ती काळी नळी दिसत होती आणि मी म्हणाले, "कॅप्टनाने तिला मंत्राचा काळा दोरा बांधला आहे. एक टोक तिच्या हाताला, एक आपल्या हाताला."

लगेच पुढच्या खुर्चीतून भिकू घाड्याचा आवाज आला. "बघलात? दोरोच तो! इंग्रजय दोरोच बांधतत!"

मुलगी पुढच्याच दृश्यात उठून बसली. मला वाटलं, निभावलं.

शेवटी कॅप्टनाने सरदाराच्या छातीत खुंटी ठोकली आणि चित्रपट संपला. लोक उठू लागले तेव्हा भिकूने आपलं मत दिलं. ते मी खोपीतून ऐकलं.

"खिळल्यान तो बरोबर. पण राखण खंय? वर्षाचो कोंबो कोण देतलो? असो खिळून कोण मराणा नाय. ह्यो परत येतलो."

लोक हसले. "गेल्या तीन वर्सात तुझो एक तरी बोल खरो झालो, भिकू?" कुणीतरी विचारलं. दवाखाना झाल्यापासून भिकूचं गिऱ्हाईक तसंही कमी झालं होतं.

पाऊस आला आणि गेला. दसऱ्याच्या सुमारास मी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, कपडे धुवायला गेले, तेव्हा भिकूची सून शेवंती दिसली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. माझ्याच वयाची, वर्षापूर्वी भाताचा भारा डोक्यावर घेऊन धावणारी. आता ती चार पावलं चालून दगडावर बसत होती. ओठांना रंग नव्हता. नखं मेणाची असावीत तशी. तिच्या दंडाला एक लांबलचक काळा दोरा होता आणि त्याचं सुटं टोक तिने पदरात खोचलं होतं.

बायका तिला विचारत होत्या आणि ती धाप लागत सांगत होती.

"मामंजी म्हणतत, तुजा रक्त कोणतरी पिता. म्हणून कॅप्टनाचो दोरो बांधल्यानी. सांजचा दुसरा टोक आपल्या हाताक बांधून बसतत. गिरणीवाल्याचा चेडू कसा लगेच उठला. माका वाईच वेळ लागतलो म्हणतत."

"दाक्तराकडे तरी जा गो."

"दोरो बांधलो मगे दाक्तर कित्या?"

मी पिळलेलं लुगडं परत पाण्यात घातलं आणि परत पिळलं. दोरा माझा होता. मी तो भोंग्यातून सोडला होता आणि तो इथे येऊन हिच्या दंडाला बसला होता.

तिथेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सांगायचं तर ती मुंबईची देखणी बाई मीच, हेही सांगावं लागलं असतं. चार दिवस मी वाक्य जुळवलं, इंग्रजीत जुळवलं, मराठीत आणलं, त्याची मालवणी केली, आणि पाचव्या दिवशी सकाळी भिकू घाड्याच्या अंगणात जाऊन उभी राहिले. तो सुपारी सोलत होता.

"कोण गो? बापूंचा चेडू मा? ये, बस. काय झाला?"

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मी दाराच्या आत खाटेवर पडलेल्या शेवंतीकडे बोट दाखवलं, मग माझ्या दंडाकडे दाखवलं, आणि मान जोरात हलवली.

"कळला, कळला," भिकू दयाळूपणे म्हणाला. "लाजा नको. लग्न जमणा नाय मा? हात कर हंय."

मी घरी आले तेव्हा माझ्या मनगटाला दोरा होता. वर एक नारळही होता. आईला फार आनंद झाला. मुलीने स्वतः होऊन लग्नाचा विचार केला, म्हणाली.

याच सुमारास अण्णा उड्या मारत आले. कॅप्टनाचा दुसरा भाग निघाला होता आणि तो आपल्याला मिळणार होता. रिळांच्या पेट्या कुडाळपर्यंत एस.टी.ने येऊन पडल्याही होत्या. गाडीवरून जाहिरात फिरली: 'रक्तपिशाच परत आला!' लगोलग तक्रारीही आल्या. गेल्या वर्षी मारल्यानी तो परत कसो इलो? आमका फसवल्यानी काय? परत इलो तर गेल्या वर्साचो खेळ खोटो. अण्णांना घाम फुटला.

त्यांना वाचवलं ते भिकू घाड्याने. तो तिठ्यावर उभा राहून विचारत होता, "मी काय सांगललंय? राखण नाय दिली तर येतलो. इलो की नाय?" आणि बघता बघता गाव त्याच्या बाजूला गेलं. चित्रपट काढणाऱ्या दूरच्या साहेबांनी पैशासाठी दुसरा भाग काढला असेल. आमच्या गावात मात्र तो भिकू घाड्याची विद्या सिद्ध करायला निघाला होता. त्याच्या अंगणात पुन्हा रांग लागली. सगळ्यांना कॅप्टनाचाच दोरा हवा होता. दवाखान्यातला डॉक्टर म्हणे दिवसभर वर्तमानपत्र वाचत बसू लागला.

पेटीबरोबर संवादांची इंग्रजी वही येत असे. ती मी दुपारी माजघरात बसून वाचून काढत असे. दुसऱ्या भागात कॅप्टन निवृत्त होऊन गाई पाळत असतो. त्याला आता भुतांचा कंटाळा आलेला असतो. पण सरदाराच्या छातीतली खुंटी कुणीतरी लाकूड म्हणून उपटून नेतं. मग सगळं पुन्हा. पाचव्या रिळापाशी मी थांबले. कॅप्टनाची पुतणी पांढरी पडते, आणि कॅप्टन बाही वर करतो.

पहिल्या खेळाच्या दिवशी मी अण्णांना म्हणाले, म्हणजे कागदावर लिहून दिलं, की गेल्या वर्षी दोरा म्हणून सांगितलं ते चुकलं होतं, आज दुरुस्त करायचं आहे. अण्णांनी कागद वाचून चुरगळला.

"भोंग्यातसून कधी चूक कबूल करूची नाय. लोकांचो भोंग्यावर विश्वास आसा. आणि भिकू खुर्चेर बसललो आसतलो. दोरो तो दोरो. समजला?"

मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याचा अर्थ लोक आपल्याला हवा तसा लावतात.

सूर्य नुकताच बुडाला होता. तंबू भरून उरलेली माणसं कुणग्याच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, बसली होती. भिकूने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां हंय जमली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"अण्णाचा इंजिन मधीच बंद पडूक नको."

"व्हय म्हाराजा!"

"पडद्यावरचा भूत पडद्यावरच रवांदे. कोणाच्या पाठसून घराक येवक नको."

"व्हय म्हाराजा!"

"आणि माझ्या सुनेक कॅप्टनाची नजर पडून बरा वाटांदे."

"व्हय म्हाराजा!" सगळा तंबू म्हणाला. मी झापांच्या फटीतून, पडद्याच्या कडेने पाहिलं. बायकांच्या बाजूला, अगदी पुढे, पडद्याच्या खांबाला टेकवून शेवंतीला बसवलं होतं. तिला गाडीत घालून आणलं असावं. तिच्या तोंडाचा रंग पडद्यासारखा होता.

पहिली चार रिळं मी कशी सांगितली ते आठवत नाही. लोक तलाठ्याच्या प्रत्येक वाक्याला हसत होते, तेव्हा वाईट झाली नसावीत. मग पाचवं रीळ लागलं. पुतणी खाटेवर. कॅप्टन बाही वर करतो. नळी.

मी गप्प.

"बांधल्यान! दोरो बांधल्यान!" पुढून आवाज आला. नंतर मागून दुसरा, "बाय गे, सांग मा! निजली काय?"

बापूंनी अंधारात चाचपून माझा हात धरला आणि सोडला.

"हा दोरा नाही," मी म्हणाले.

भोंग्यातून माझाच आवाज मला ऐकू आला. त्यात सरदार नव्हता, कॅप्टन नव्हता. बारीक, चिरका, घरातला आवाज होता.

"मागच्या वर्षी मी दोरा म्हटलं ते खोटं होतं. मला खरं सांगायची लाज वाटली. ही रबराची नळी आहे. तिच्या अंगात रक्त कमी आहे म्हणून कॅप्टन आपल्या अंगातलं रक्त तिला देतो आहे. मंत्र नाही. तो डॉक्टरकडून शिकला आहे."

तंबूत एकदम दंगा सुरू झाला. "मगे गेल्या वर्साचा काय?" "म्हणजे दोरो फुकट?" "भिकू, अरे ऐकतस काय?" कुणीतरी शिट्टी मारली. अण्णा मागच्या बाजूने खोपीत घुसले. त्यांचा हात भोंग्याच्या बटणाकडे गेला, पण वाटेत बापूंची काठी आडवी आली. बापूंना दिसत नव्हतं, तरी काठी नेमकी अण्णांच्या पोटाला लागली.

"अण्णा, ती बोलतेय," बापू म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि मी वेळ घालवला नाही. पडद्यावर कॅप्टन उठून बसला होता आणि दाराकडे बघत काहीतरी हुकूम सोडत होता. वहीत लिहिलं होतं की घोडे जोडा, सरदार पळतो आहे. मी ते म्हटलं नाही. कॅप्टन आतापर्यंत कधीच मालवणी बोलला नव्हता. त्या दिवशी मी त्याला बोलायला लावलं.

"कॅप्टन म्हणता, दोऱ्यान रक्त वाढणा नाय. जिच्या तोंडावर रक्त नाय, तिका दाक्तराकडे घेवन जावा. उद्याच. सकाळच्या पयल्या गाडयेन."

आणि पडद्यावर खरोखरच घोड्यांची गाडी धूळ उडवत सुटली. हे माझं नशीब, आणि काही अंशी दिग्दर्शकाचं.

मग मागच्या अंधारातून एका म्हाताऱ्याने, हुकूम ऐकला की जे म्हणायची सवय होती तेच म्हटलं.

"व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका म्हणाल्या. मग सगळेच.

भिकू घाडी खुर्चीतून उठला. मी फटीला डोळा लावला. त्याने मागे वळून सगळ्या तंबूकडे पाहिलं, मग खांबाला टेकलेल्या सुनेकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मला वाटलं तसा राग नव्हता. तो घाबरलेला होता, आणि बहुधा बऱ्याच दिवसांपासून होता.

"मी तरी दुसरा काय सांगत होतंय?" तो ओरडला. "दोरो गाडी येयपर्यंतच! गाडी इली, आता दाक्तराकडे न्हेवकच व्हया!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.ला शेवंतीला बसवायला अर्धी वाडी जमली होती. डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं की अंगात रक्त जवळजवळ नाही. पोटात जंत आहेत, आतड्याला चिकटून रक्त पितात. अनवाणी चिखलात राबणाऱ्यांना होतात. औषध दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. दवाखान्यात ठेवून घेतलं. आणखी महिना गेला असता तर मी काही करू शकलो नसतो, असं तो म्हणाल्याचं मी नंतर ऐकलं. हे वाक्य मी विसरलेले नाही. दसऱ्याला व्हाळावर एक वाक्य बोलले असते, तर तिचे ते दीड महिने वाचले असते.

भिकू घाडी परतला तो विजयी होऊन. तिठ्यावर त्याने पुन्हा सभा भरवली.

"मी काय सांगललंय? हिचा रक्त कोणतरी पिता! पित होतो की नाय? फक्त तो मानेक नाय, पोटात होतो. आणि एक सरदार नाय मेल्यानू, पुरी पलटण!"

"मगे दोरो कित्या बांधललंस?"

"दाक्तर काय म्हणालो ठावक आसा? दरवर्षी एक डोस घेवकच व्हयो. नायतर परत येतले. राखण नाय तर काय ती?"

त्यानंतर भिकू दोरा बांधून रोग्याला थेट दवाखान्यात पाठवू लागला. डॉक्टरला ही व्यवस्था पसंत होती. त्याच्याकडे पूर्वी इतके रोगी कधी आले नव्हते.

अण्णा माझ्याशी एक दिवस बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खेळाला पहिल्या दिवशीपेक्षा गर्दी झाली. पहिल्या दिवशी न आलेल्यांना कळलं होतं की मुंबईची बाई भोंग्यातून चूक कबूल करते. पाचव्या रिळाला ते वाट बघत बसले. अण्णा खोपीत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ता कालचा परत सांग. जरा रडक्या आवाजात."

मी लागोपाठ चार खेळ तीच चूक कबूल केली. चौथ्या खेळाला मला ती पाठ झाली होती, आणि मी कबुलीच्या आधी श्वास कुठे धरायचा हेही ठरवलं होतं. लाज त्या आठवड्यात कुठेतरी संपली. निदान भोंग्यापुरती.

दुसऱ्या भागाच्या शेवटी सरदार जळत्या गिरणीत सापडून राख होतो. लोकांना ते पटलं नाही. राखेलाही राखण लागते, असं भिकूने सांगितलं. तिसरा भाग येईल म्हणून आम्ही पुढच्या हंगामात वाट पाहिली. तो आला नाही. पेद्रू म्हणतो, कॅप्टनाने शेवटी कोंबडा दिला असणार.

आणखी एक सांगते आणि थांबते. त्या वर्षी शिमग्याच्या आधी मी कट्ट्याच्या बाजारात गेले होते. एका बाईपुढे कोकमाच्या सोलांची टोपली होती. मी नेहमीप्रमाणे वाकून टोपलीकडे बोट दाखवलं आणि दोन बोटं वर केली. बाई हलली नाही. मी वर पाहिलं. शेवंती होती. गालांवर रंग होता, हातात बांगड्या घट्ट बसत होत्या आणि पायांत टायरच्या वहाणा होत्या. दंडाला दोरा नव्हता.

"बोटान दाखवतस कित्या गो?" ती म्हणाली. "तोंडात जीभ नाय तुझ्या?"

मी पुन्हा बोट दाखवलं.

तिने टोपली स्वतःकडे ओढली. मग पुढे वाकून, शेजारणीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मी पडद्याच्या खांबाक टेकललंय त्या दिवशी. एका कानात भोंगो, एका कानात तू आणि तुझे बापू. कोणाक सांगूक नाय मी. पण माका बोट दाखवशीत तर सोलां मिळाची नाय."

बाजारात गलका होता. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. समोर पडदा नव्हता, झापं नव्हती, शेजारी बापू नव्हते, आणि समोरचं माणूस माझ्याकडे बघत होतं. मी सवयीने श्वास धरला. मग सोडला.

"शेवंती," मी म्हणाले, "माका दोन शेर सोलां दी."

"आता कशी बोललीस," ती म्हणाली, आणि मापावर आणखी एक मूठ घातली.